गठाणीवरचा मार्का, पाकिटावरचं स्टिकर

परवा घरी आलेलं खोकं रद्दीत टाकण्याआधी एकदा उलटसुलट करून पाहा. वरचं नाव-पत्त्याचं लेबल सगळेच पाहतात. आतलं पाकीट बघा. त्यावर बहुतेक वेळा एक लहानसं पांढरं स्टिकर असतं. उभ्या रेघा, खाली काही अक्षरं-आकडे आणि मध्येच तुटलेलं वस्तूचं नाव. ते नख लावून सोलून काढलंत, तर पुष्कळदा खाली आणखी एक बारकोड सापडतो, उत्पादकाने छापलेला. म्हणजे एका बारकोडवर कुणीतरी मुद्दाम दुसरा चिकटवलेला असतो. लहान विक्रेत्यांकडे हे काम यंत्र करत नाही. कुठल्यातरी घराच्या पुढच्या खोलीत, सतरंजीवर बसून, माणसं ते करतात.

त्या माणसांपैकी मी एक. आमच्या घरी, खामगावला, फुलवाती होतात. आई आणि वहिनी त्या वळतात, गल्लीतल्या आणखी सहा-सात बायका वळतात, आणि मी त्या ऑनलाइन बाजारपेठेच्या भिवंडीच्या गोदामात जायला तयार करतो. ‘तयार करणं’ ऐकायला सोपं वाटतं. शंभर वातींची एक पुडी. पुडीवर कायद्याने लागणारा मजकूर : नाव-पत्ता, नग, कमाल किंमत, महिना-वर्ष, तक्रारीचा फोन. मग पारदर्शक पिशवी. पिशवीचं तोंड मोठं असेल तर ‘लहान मुलांपासून दूर ठेवा, गुदमरण्याचा धोका’ ही सूचना. मग ते पांढरं स्टिकर, सपाट जागी, कडेवर दुमडू न देता, कारण वाकलेल्या रेघा स्कॅनर वाचत नाही. मग पाच प्लायचं खोकं, त्यावर खोक्याचं लेबल, आणि हे लेबल झाकण जिथे उघडतं तिथे नको. मग गोदामाने दिलेली तारीख आणि वेळ. त्या वेळेत गाडी पोचली नाही तर सगळं परत.

पहिल्यांदा ही नियमावली वाचली तेव्हा वाटलं, हे कॉम्प्युटरवाल्यांचं खूळ आहे. पण हळूहळू एकेका नियमाच्या मागे जात गेलो. त्या पिशवीवरच्या सूचनेचंच घ्या. १९५९ साली अमेरिकेत ड्रायक्लीनिंगच्या कपड्यांवर येणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांत गुदमरून अनेक तान्ही मुलं गेली. ती पिशवी तेव्हा नवी होती. आया ती धुऊन गादीवर अभ्र्यासारखी घालत. त्यानंतर तिथे सूचना छापणं सुरू झालं, आणि ती ओळ फिरत फिरत आमच्या फुलवातींवर आली. नियम वाचताना मागे कोण मेलं किंवा कोण फसलं हे शोधायची मला तेव्हापासून सवय लागली.

फसवणुकीचा शोध मात्र मला फार लांब नेईना. तो आमच्याच गावात संपत होता.

माझे आजोबा खामगावच्या एका प्रेसमध्ये होते. प्रेस म्हणजे कापसाची. जिनात सरकी वेगळी होते, रुई उरते, ती प्रेसमध्ये दाबली जाते आणि तिची गठाण बनते. पुस्तकी मराठीत गाठ म्हणतात, आमच्याकडे गठाणच. तागाच्या गोणपाटात गुंडाळलेली, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. आजोबांचं काम गठाणीवर मार्का मारायचं. पत्र्याचा छापा, काळी शाई, कुंचला. प्रेसचा मार्का, आणि त्याखाली अनुक्रमांक. हंगामात दिवसभर तेच. शेवटपर्यंत त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाची कड काळी होती. मी लहानपणी विचारलं होतं, एवढे नंबर कशाला? ते म्हणाले, “मार्का पुसला तं गठाण कोनाचीच नाही.”

मला तेव्हा वाटलं होतं की ही प्रेसच्या शेटजींची पद्धत असेल. ती पद्धत नव्हती, कायदा होता. १९२५चा कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीज अ‍ॅक्ट. दाबलेली कोणतीही गठाण कारखान्याच्या आवाराबाहेर पडण्याआधी तिच्यावर अनुक्रमांक आणि त्या कारखान्याला नेमून दिलेला मार्का असलाच पाहिजे, असं त्यात आहे. म्हणजे माझं स्टिकर. शंभर वर्षांपूर्वीचं, शाईचं, पण कामाने तेच : ही वस्तू कुठून निघाली हे वस्तूच्याच अंगावर लिहा, आणि लिहिल्याशिवाय ती दारातून बाहेर काढू नका.

हा कायदा करायची वेळ का आली, ते समजायला आणखी मागे जावं लागतं.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. त्या आधीपासून इथला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. सुमारे पाचशे मैल. सैल भरलेली पोती, धूळ, पाऊस, मुक्काम. वाटेत जे व्हायचं ते व्हायचं, पण घेणारा माल डोळ्यांनी बघून, हात घालून, पिंजून घ्यायचा. नंतर कापूस मुंबईकडे वळला, आणि १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईत कापसाचं सोनं झालं. पुढचा शेअर बाजाराचा धुडगूस आणि १८६५चं दिवाळं तुम्ही कधी ना कधी वाचलं असेल. त्या गोष्टीत मला रस नाही. मला रस आहे तो त्या गठाणींच्या आत काय निघत होतं त्यात.

सरकी. माती. दगड. आणि पाणी. भाव वजनावर, म्हणून वजन वाढवायचे जेवढे मार्ग तेवढे वापरले जात. चांगल्या कापसाचा थर वर, आखूड धाग्याचा आत. लिव्हरपूलला गठाण फोडली की बोंबाबोंब. मुंबई इलाख्यात १८२९ सालीच भेसळीविरुद्ध नियम झाला होता. १८६३ मध्ये मुंबई सरकारने खास कापसातल्या लबाडीसाठी कायदा केला. तपासणीला इन्स्पेक्टर आले, प्रेसना परवाने आले. व्यापारी कुरकुरले. सरकारी कागदांत दोष नेहमीप्रमाणे खालच्या माणसावर : रयत आळशी, वाणी लबाड. खालची माणसं साधू होती असं मी म्हणत नाही. पण चांगल्या कापसाला वेगळा भाव मिळणारच नसेल, सगळा एकाच ढिगात जाणार असेल, तर स्वच्छ वेचणीची मेहनत कोण आणि कशाला घेईल, हा प्रश्न त्या कागदांत फार कमी वेळा दिसतो.

खामगावची रेल्वे १८७० साली आली. मुख्य लाइनीवरच्या जलंबपासून काढलेला हा छोटा फाटा, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. एवढ्याशा फाट्याला एवढा मोठा माणूस कशाला, तर कापसासाठी. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. गाडीमुळे माल थांबेनासा झाला आणि तारेमुळे घेणाऱ्याला यायची गरज उरली नाही. लिव्हरपूलचा माणूस ‘ऊमरा’ म्हणून सौदा करायचा. ऊमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. त्याने अमरावती पाहिलेली नाही, कापूस पाहिलेला नाही, आणि तरी पैसे लावले आहेत. मग त्याला विश्वास कशावर ठेवायचा? गठाणीवरच्या खुणेवर. न पाहता विकत घेणं ही आपल्या पिढीची गोष्ट आहे असं आपण समजतो. वऱ्हाडच्या कापसाने ते दीडशे वर्षांपूर्वी करून झालं आहे.

आणि दाबणं? तेही तयारीतलंच. जहाजावर भाडं जागेचं लागतं. कापूस हलका आणि फुगीर, जागा खूप खातो, वजन काहीच नाही. म्हणून वाफेच्या आणि पाण्याच्या दाबाच्या प्रेसा आल्या, आणि मुंबईची गठाण ३९२ पौंडांची ठरली. खामगाव, अमरावती, अकोल्याच्या रेल्वे स्टेशनांजवळ ज्या जुन्या चिमण्या अजून दिसतात, त्यातल्या कितीतरी या हिशेबातून उभ्या राहिल्या.

हा हिशेब मला रोज करावा लागतो. कुरिअरवाला खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतो आणि बहुधा ५००० ने भागतो. ते आलं व्हॉल्युमेट्रिक वजन. ते आणि काट्यावरचं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. आमचं खोकं ६० × ४० × ४०. गुणाकार ९६,०००, भागिले ५०००, म्हणजे १९.२ किलो. काट्यावर ते जेमतेम सात-साडेसात भरतं. बारा किलो हवेचं भाडं आम्ही भरतो. वहिनीला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मंग दाबून भरा ना भाऊजी.” दाबता येत नाही. फुलवात दाबली की तिचं बूड बसतं आणि ती निरांजनात उभी राहत नाही, आडवी पडते. गठाण पुन्हा पिंजता येते, वात नाही येत.

आणखी एक त्रास कापसाने स्वतः दिलेला. शंभर वाती प्रत्येक वेळी मोजत बसलं तर दिवस जाईल, म्हणून तोलून मोजतात. कोरड्या हवेत आमच्या शंभर वाती साधारण पंचवीस ग्रॅम. पण कापूस हवेतलं पाणी पितो. या धंद्यात कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा प्रमाण धरतात. पावसाळ्यात तो त्याहून वर जातो. म्हणजे श्रावणात पंचवीस ग्रॅम तोललं तर पुडीत शंभराला चार-पाच वाती कमी भरतात, आणि श्रावणातच मागणी सर्वांत जास्त. १८६३चा इन्स्पेक्टर ज्या पाण्याला लबाडी म्हणायचा, त्यातलं काही पाणी निव्वळ मुंबईच्या हवेचं असणार, हे मला वाती तोलताना कळलं. आमच्याकडे पावसाळ्यात वहिनी हाताने मोजते. दहा-दहाच्या दहा ओळी, ताटात.

आता खोक्याकडे येतो. कोरुगेटेड कागद, म्हणजे आतून लाटा असलेला पुठ्ठा, मुळात टोपीसाठी होता. १८५६ साली इंग्लंडमध्ये उंच हॅटच्या आतलं अस्तर म्हणून त्याचं पेटंट निघालं. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने बाटल्या आणि दिव्याच्या काचा गुंडाळायला तो वापरला. पुढे त्याला दोन्ही बाजूंनी कागद लागला, खोकी झाली, आणि अमेरिकन रेल्वे कंपन्या बिथरल्या. त्यांचा भरवसा लाकडी पेटीवर. पुठ्ठ्यात भरलेल्या मालाला त्या जास्त भाडं लावत. खोकी बनवणाऱ्या प्रिडहॅम कंपनीने दाद मागितली, आणि १९१४ मध्ये हा भेदभाव गैर ठरला. तरी रेल्वेने आपली अट ठेवलीच : खोक्याच्या तळाशी त्याची ताकद आणि बनवणाऱ्याचं नाव छापलेलं हवं. परदेशी खोक्यांच्या तळावर अजूनही एक गोल शिक्का दिसतो, तो त्याचा वंशज. गाडीवाला, जहाजवाला, गोदामवाला, ज्याच्या ताब्यात माल जातो तो नियम करतो, आणि त्याचा खर्च पाठवणाऱ्यावर पडतो. मला यात अपवाद सापडलेला नाही.

खुणांचं मात्र मध्ये एक सुंदर वळण आहे. मँचेस्टरचं कापड भारतात यायचं तेव्हा त्याच्या ताग्यांवर रंगीत छापील चित्रं चिकटवलेली असत. कृष्ण, लक्ष्मी, वाघ, हत्ती, कधी एखादी गौरांगना. घेणाऱ्याला इंग्रजी येत नसे, बऱ्याचदा काहीच वाचता येत नसे, पण हत्ती छाप मागता येत असे. पुढे नकली हत्ती आले, आणि ताग्याची लांबीही कमी भरू लागली. १८८९च्या मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्टने कापडावर लांबी छापायची सक्ती केली. पण चित्र राहिलं. काडेपेटी, विडी, चहापत्ती, अगरबत्ती, आपल्या सगळ्या ‘छाप’ मालाचे पूर्वज ते. ती खूण गिऱ्हाइकासाठी होती, त्याच्या डोळ्यांसाठी.

बारकोड ही पहिली खूण जी विकणाराही वाचू शकत नाही आणि घेणाराही. तिची कथा प्रसिद्ध आहे, थोडक्यात सांगतो. १९४८ साली फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत बर्नार्ड सिल्व्हर नावाच्या विद्यार्थ्याच्या कानावर पडलं की एका किराणा साखळीच्या मालकाला गल्ल्यावर माल आपोआप ओळखणारं काहीतरी हवंय. त्याचा मित्र नॉर्मन जोसेफ वुडलँड याने मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत बोटं ओढली. मोर्स कोडचे ठिपके आणि डॅश खाली लांबवले तर रेघाच होतात, हे त्याला तिथे सुचलं. १९५२ मध्ये पेटंट मिळालं. पण ते वाचणारी स्वस्त यंत्रं नव्हती, म्हणून वीस वर्षं कागदावरच. मग आयबीएमच्या जॉर्ज लॉररने आजचा आयताकृती बारकोड आखला, आणि २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं. किंमत ६७ सेंट.

भारतातल्या कंपन्यांना मिळणारा आकडा ८९० ने सुरू होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दर सहा महिन्यांनी एक मेसेज येतो की ८९० म्हणजे भारतीय माल, तोच घ्या. ते खरं नाही. ८९० म्हणजे त्या कंपनीने भारतातल्या संस्थेकडे नोंदणी केली, एवढंच. माल कुठेही बनलेला असू शकतो. या आकड्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट शेवटचा अंक. तो फक्त आधीच्या बारा अंकांवर पहारा द्यायला असतो. पहिला, तिसरा, पाचवा असे अंक मिळवा. दुसरा, चौथा, सहावा असे मिळवून तिप्पट करा. दोन्हींची बेरीज पुढच्या पूर्ण दहावर न्यायला जितके कमी पडतात तो शेवटचा अंक. ८९०१२३४५६७८९ घ्या. २८, आणि ३४ ची तिप्पट १०२, एकूण १३०. कमी काही नाही, म्हणून शेवटी ०. घरातला कुठलाही बिस्किटपुडा घेऊन करून पाहा. स्कॅनरने एखादा अंक चुकीचा वाचला तर हिशेब जुळत नाही आणि यंत्र बीप करत नाही. माणसाच्या चुकीची शंका त्या आकड्याच्या अंगातच घालून ठेवली आहे.

मग उत्पादकाचा एवढा पक्का आकडा असताना त्यावर दुसरं स्टिकर कशाला? कारण उत्पादकाचा बारकोड सांगतो ‘ही अमुक वस्तू’. ती कुणी पाठवली हे तो सांगत नाही. समजा चार विक्रेते एकाच कंपनीची तीच उदबत्ती गोदामात पाठवतात. रेघा सगळ्यांच्या सारख्या. गोदामाला वाटलं तर ते चौघांचा माल एकच समजू शकतं : तुमच्या नावाने ऑर्डर आली, जवळ पडलेलं पाकीट उचललं, ते पाठवलं तिसऱ्यानेच. त्याचं नकली निघालं तर तक्रार तुमच्या नावावर.

हा घोळ इंटरनेटने आणलेला नाही. शिकागोत १८५०च्या दशकात धान्याचं हेच झालं. आधी शेतकऱ्याचा गहू त्याच्या नावाच्या पोत्यातून खरेदीदारापर्यंत जायचा. रेल्वे आणि धान्याची उंच गोदामं आली तसं पोतं सोडून धान्य सुटं ओतलं जाऊ लागलं. १८५६ मध्ये तिथल्या बोर्ड ऑफ ट्रेडने गव्हाचे तीन वर्ग ठरवले आणि एका वर्गाचा सगळा गहू एकाच कोठारात. शेतकऱ्याच्या हातात पावती. पावती दाखवा, त्या वर्गाचा तितका गहू घ्या; तुमचाच गहू मिळेल असं नाही. सोय प्रचंड होती. पण वर्ग ठरवणार कोण, वजन करणार कोण, कोठारात खरोखर किती आहे हे पाहणार कोण? भांडणं इतकी वाढली की इलिनॉय राज्याने गोदामांवर कायदा आणला, आणि ‘मन विरुद्ध इलिनॉय’ या खटल्यात १८७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोदामवाला खासगी असला तरी सगळ्यांचा माल त्याच्या दारातून जातो, तेव्हा सरकार त्याच्यावर नियम घालू शकतं.

वऱ्हाडने हाच प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला, आणि याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. १८८६ मध्ये कारंजा इथे, तेव्हाच्या हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाखाली, भारतातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ आला. त्याखाली बाजाराची समिती, परवानाधारक दलाल, परवानाधारक मापाडी. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचं मूळ तिथे आहे. मँचेस्टरला नियमित पुरवठा हवा होता, म्हणून हे झालं. शेतकऱ्याच्या प्रेमापोटी नव्हे. बाजार समित्यांत पुढे काय काय शिरलं, कडता, तोलाई, हमाली कुणाच्या खिशातून गेली, हे मी सांगायला नको. तरी त्या कायद्यातला एक विचार मला फार मोलाचा वाटतो. काटा घेणाऱ्याच्याही हातात नसावा आणि देणाऱ्याच्याही. तो तिसऱ्याच्या हातात असावा, आणि त्या तिसऱ्याला परवाना असावा, म्हणजे तो काढूनही घेता येईल.

आता भिवंडी. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईला लागून, म्हणून यंत्रमागांच्या या गावाभोवती गोदामं वाढली. जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेली, गोदामं राहिली आणि फुगली. अ‍ॅमेझॉनने दुसऱ्यांचा माल आपल्या गोदामात ठेवून पाठवण्याची सेवा अमेरिकेत २००६ मध्ये सुरू केली होती. भारतात ती कंपनी ५ जून २०१३ रोजी उतरली तेव्हा पहिलं गोदाम भिवंडीलाच घेतलं. आता अशा अनेक बाजारपेठा आहेत. परदेशी गुंतवणुकीच्या नियमांमुळे अशा बाजारपेठेला स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही. ती जागा देते, माल विक्रेत्याचा. म्हणजे खोकं त्यांच्या दारातून आत गेलं तरी त्यातल्या वातींची मालकी माझी, वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत त्यांचं गोदाम माझं ‘अतिरिक्त व्यवसायस्थान’. कागदोपत्री माझा पत्ता भिवंडीचाही आहे. आत मात्र मी कधी गेलेलो नाही.

मागच्या दिवाळीआधी आम्ही एका बाजारपेठेच्या गोदामात २४० पाकिटांचं एक खोकं पाठवलं. मोजणीत २२८ आली. बारा पाकिटं, किंमत फार नाही, पण एका बाईच्या दोन दिवसांच्या वाती. खोकं निघताना इथे वजन केलेलं होतं, त्याचा फोटो होता, पावती होती. उत्तर आलं की आमच्या नोंदीप्रमाणे २२८, विषय बंद. कोणी मोजलं, कसं मोजलं, मोजताना खोकं फाटलेलं होतं का, काही नाही. त्या गोदामात मोजणारा माणूस तासाला शेकडो वस्तू स्कॅन करत असेल, त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण काटा त्यांचा, मोजणारा त्यांचा, आणि निकाल देणाराही त्यांचाच. हे कारंज्याच्या आधीचं जग आहे.

ग्राहकासाठी २०२०चे ई-कॉमर्स नियम आहेत. तक्रार अधिकारी नेमायचा, ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निकाल लावायचा. चांगले नियम आहेत, तुम्ही ते वापरत जा. पण खोक्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला दाद मागायची तर बाजारपेठेबरोबरचा करार उघडायचा, आणि तो करार लिहिला कुणी हे सांगायला नको. कापसाच्या ढिगाशी उभं राहून भांडता तरी येत होतं. इथे भांडण म्हणजे एका चौकोनात पाचशे अक्षरांत मजकूर लिहिणं.

दिवाळीनंतर आम्ही पॅकिंगचं चित्रीकरण सुरू केलं. बरेच लहान विक्रेते करतात. मोबाइल स्टँडवर, वहिनी एकेक पाकीट मोजत खोक्यात घालते, मोठ्याने आकडा म्हणते, शेवटी टेप लावून खोक्याचं लेबल कॅमेऱ्यासमोर धरते. बारा मिनिटांचा एकेक व्हिडिओ. आईला वाटतं आम्ही रील बनवतोय. माझ्या फोनमध्ये आता लग्नाचे फोटो कमी आणि खोक्यांचे व्हिडिओ जास्त आहेत. ते कुणी पाहील की नाही कुणास ठाऊक, पण मापाडी नसेल तर निदान साक्षीदार तरी असावा.

हमालांची गोष्ट राहिली. ३९२ पौंडांची गठाण उचलणाऱ्या पाठींना महाराष्ट्रात १९६९च्या माथाडी कायद्याने नोंदणी, मजुरीची हमी आणि मंडळ मिळालं. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी आयुष्य घातलं. ती ओझी वाहणाऱ्यांची आपली मागणी होती, मँचेस्टरची नव्हे, आणि म्हणून मला ती कारंज्यापेक्षाही मोठी वाटते. पाकिटं वळणाऱ्या, स्टिकरं लावणाऱ्या, घरी बसून मोजणाऱ्या बायका कुठल्याच मंडळाच्या यादीत बसत नाहीत. त्या स्वतःला कामगार म्हणवतही नाहीत. “फावल्या वेळात करतो,” म्हणतात. त्यांचा फावला वेळ दुपारी दीडला सुरू होतो आणि दिवाबत्तीला संपतो.

अलीकडे गठाणीवरचा मार्काही बदलला आहे. भारतीय कापूस महामंडळाने आपल्या गठाणींवर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली आहे. फोन धरला की कळतं : खरेदी कुठल्या केंद्रावर झाली, कुठल्या कारखान्यात दाबली, कुठल्या तारखेला, वजन किती. मागच्या हंगामात एका ओळखीच्या जिनात मी तो स्कॅन करून पाहिला. गठाणीच्या दुसऱ्या अंगाला जुन्या पद्धतीचा काळा मार्काही होता, छापा थोडा सरकलेला, शाई गोणपाटात फुटलेली. मी मुकादमांना विचारलं, आता क्यूआर आहे, तर हा कशाला? ते म्हणाले, “हमालाजवळ फोन नसते ना.”

आम्ही वातींसाठी घेतो तो कापूस लादीचा, किलोवर, बाजारातल्या दुकानातून. त्यावर ना मार्का असतो ना कोड. दुकानदार लादी उजेडाकडे धरतो, बोटाने थोडी ओढून दाखवतो, आणि वहिनी ती स्वतः पुन्हा ओढून बघते.